डेंग्यूची अक्षरे, पुण्याचे संख्याशास्त्र

डेंग्यूच्या विषाणूचा सगळा वंशलेख सुमारे १०,७०० अक्षरांत संपतो. वर्णमाला चारच अक्षरांची: ए, सी, जी आणि टी. हा विषाणू डीएनएचा नसून आरएनएचा आहे, म्हणजे टीच्या जागी त्यात यू असतो. पण जगभरच्या माहितीसंचांत तो टी लावूनच नोंदवतात, म्हणून इथेही तसेच लिहितो. छापायला घेतला तर हा मजकूर मासिकाची चार-पाच पाने भरेल. तेवढ्यात दहा प्रथिनांची कृती मावते आणि पेशीत शिरल्यावर स्वतःच्या प्रती काढण्याची सगळी तजवीजही.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत पुण्यातल्या बहुतेक गृहसंस्थांमध्ये डेंग्यूची चर्चा होते, पण हा विषाणू चार प्रकारचा असतो हे त्यामानाने कमी लोकांना माहीत असते. प्रकाराला महत्त्व आहे. एका प्रकाराची लागण होऊन गेली की त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते; मात्र पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठले तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. शहरात यंदा कोणता प्रकार फिरतो आहे, गेल्या साथीपेक्षा तो वेगळा आहे का, त्याचा उपप्रकार कुठल्या भागातून आलेल्या विषाणूशी जुळतो, हे साथरोगतज्ज्ञांना म्हणूनच कळावे लागते. आणि त्याचे उत्तर त्या १०,७०० अक्षरांत असते. दोन मजकूर समोर ठेवायचे आणि ते एकमेकांचे किती जवळचे आहेत ते सांगायचे, एवढेच काम.

हे काम करण्याची रूढ रीत म्हणजे दोन्ही मजकूर एकाखाली एक मांडून अक्षराला अक्षर जुळवणे. मध्ये एखादे अक्षर गळलेले असेल तर तिथे मोकळी जागा सोडायची, जादा असेल तर दुसरीकडे सोडायची, आणि सगळ्यांत जास्त अक्षरे जुळतील अशी मांडणी शोधायची. १९७० साली नीडलमन आणि वुन्श यांनी त्यासाठी पद्धत दिली. ती पक्की आहे, पण एका अक्षराशी दुसऱ्या बाजूचे प्रत्येक अक्षर ताडून पाहावे लागत असल्याने डेंग्यूच्या दोन मजकुरांसाठी १०,७०० गुणिले १०,७००, म्हणजे ११ कोटी ४४ लाखांहून जास्त चौकटी भराव्या लागतात. हजार नमुने असतील तर जोड्या होतात जवळजवळ पाच लाख. संगणक वेगवान झाले, युक्त्याही निघाल्या, तरी दुसरी अडचण उरतेच. नाते दूरचे असेल तर जुळणीच भरवशाची राहत नाही. कुठे मोकळी जागा सोडायची याची अनेक उत्तरे जवळजवळ सारखीच चांगली दिसतात, आणि पुढचा सगळा हिशोब त्यांतल्या एका निवडीवर उभा राहतो.

म्हणून एक वेगळा विचार पुढे आला. जुळवायचेच नाही, मोजायचे. मजकुरातल्या दोन अक्षरी, तीन अक्षरी, चार अक्षरी तुकड्यांपैकी कोणता किती वेळा येतो याची यादी करायची आणि दोन मजकुरांच्या याद्या ताडून पाहायच्या. दोन अक्षरी तुकडे १६ होतात, तीन अक्षरी ६४, चार अक्षरी २५६. एकदा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला की यादी तयार. १९८६ मध्ये ब्लेझडेल यांनी या मार्गाने अंतर मोजण्याची एक राशी सुचवली आणि तेव्हापासून या शाखेचा विस्तार होत राहिला. तुकड्यांना आता सगळीकडे 'के-मर' म्हणतात. के म्हणजे तुकड्यातल्या अक्षरांची संख्या.

मोजणी संगणकाचे काम आहे आणि ती सोपी आहे. मोजून आलेल्या आकड्याचा अर्थ लावणे मात्र सोपे नाही, आणि या शाखेतले खरे संख्याशास्त्र तिथेच आहे. एखादा तुकडा ६७५ वेळा आला. हे जास्त झाले की कमी? उत्तर देण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: योगायोगाने तो किती वेळा आला असता, आणि त्या अपेक्षित संख्येभोवती किती चढउतार साहजिक मानायचा.

पहिल्या गोष्टीसाठी माणसाचाच डीएनए घेऊ. त्यात सी आणि जी मिळून सुमारे ४१ टक्के भरतात, म्हणजे सी अंदाजे २०.५ टक्के आणि जीही तितकाच. अक्षरे एकमेकांशी संबंध न ठेवता येत असती तर 'सी-जी' ही जोडी ०.२०५ गुणिले ०.२०५, म्हणजे साधारण ४.२ टक्के ठिकाणी दिसायला हवी होती. प्रत्यक्षात ती एक टक्क्याच्या आसपास दिसते. उलट क्रमाची 'जी-सी' ही जोडी मात्र अपेक्षेइतकीच सापडते. घटक तेच आणि प्रमाणही तेच, पण एका क्रमात चौपट टंचाई. कारण रासायनिक आहे. आपल्या पेशी 'सी-जी' जोडीतल्या सीवर मिथिल गट चढवतात आणि असा सी कालांतराने सहज टीमध्ये बदलतो. लाखो वर्षे ही गळती चालू राहिली आणि जोडी विरळ झाली. या एका गुणोत्तरात, म्हणजे प्रत्यक्ष भागिले अपेक्षित या आकड्यात, एका प्राणिवंशाचा रासायनिक इतिहास दिसतो. सॅम्युएल कार्लिन आणि ख्रिस बर्ज यांनी १९९५ मध्ये अशा सोळाही गुणोत्तरांचा संच प्रत्येक जीवजातीची खूण म्हणून वापरता येतो हे मांडले. जनुकसंचाचा कुठलाही पुरेसा लांब तुकडा घ्या, गुणोत्तरे बहुधा तीच निघतात.

विषाणूंतही 'सी-जी' कमी सापडते, पण तिथे कारण वेगळे आहे. माणसाच्या पेशीत झॅप नावाचे एक प्रथिन असते. 'सी-जी' जोड्यांनी भरलेला आरएनए दिसला की ते त्याला परका समजून धरते, हे २०१७ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. कण्यावाल्या प्राण्यांत वाढणाऱ्या विषाणूंनी ती जोडी टाळण्यामागे हे एक कारण असावे. डेंग्यूही त्यांतलाच.

आता चढउताराकडे येऊ. हा भाग पाठ्यपुस्तकांत अनेकदा घाईने उरकला जातो, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो. समजा १०,००० अक्षरांचा मजकूर आहे, चारही अक्षरे समप्रमाणात आहेत आणि क्रम निव्वळ यादृच्छिक आहे. 'ए-ए' ही जोडी त्यात सरासरी ६२५ वेळा यायला हवी. 'ए-सी' ही जोडीसुद्धा सरासरी ६२५ वेळाच. अपेक्षा अगदी सारखी. पण 'ए-ए' स्वतःवरच चढू शकते: सलग तीन ए आले की त्यात ती दोनदा मोजली जाते, चार आले की तीनदा. 'ए-सी'च्या बाबतीत असे होऊच शकत नाही. त्यामुळे 'ए-ए' घोळक्याने येते आणि मग बराच वेळ येतच नाही. बसथांब्यावर एकामागोमाग तीन गाड्या याव्यात आणि पुढे अर्धा तास एकही येऊ नये, तसे. दिवसभरातल्या गाड्यांची सरासरी तीच असली तरी चढउतार मोठा होतो. हिशोब केला तर 'ए-सी'चे प्रमाण विचलन साधारण २२.५ येते आणि 'ए-ए'चे २८.६.

फरक लहान वाटेल, पण निष्कर्ष त्यावर उलटतो. दोन्ही जोड्या ६७५ वेळा आढळल्या असे धरा, म्हणजे अपेक्षेहून ५० जास्त. 'ए-सी'साठी हे अंतर २.२ प्रमाण विचलनांचे झाले. पाच टक्क्यांच्या रूढ कसोटीवर ते लक्षणीय ठरते. 'ए-ए'साठी तेच अंतर १.७५ विचलनांचे, कसोटीत ते बसत नाही. मोजलेला आकडा एक, अपेक्षा एक आणि निकाल मात्र वेगळा. प्रत्येक निरीक्षण दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असे धरून साधी काय-वर्ग कसोटी लावणारा इथे नक्की चुकतो, कारण एकमेकांवर चढलेले तुकडे स्वतंत्र नसतातच.

आणखी एक खड्डा आहे. सहा अक्षरी तुकडे ४,०९६ होतात. प्रत्येकाची पाच टक्क्यांच्या पातळीवर स्वतंत्रपणे परीक्षा घेतली तर मजकुरात काहीही विशेष नसतानाही जवळजवळ २०५ तुकडे 'लक्षणीय' म्हणून वर येतील. त्यांतला एखादा उचलून त्याच्याभोवती जैविक गोष्ट रचणे फार सोपे असते. म्हणून कसोट्या जितक्या जास्त तितकी पात्रतेची अट कडक करावी लागते; १९९५ मध्ये बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी त्यासाठी दिलेली पद्धत आज जनुकशास्त्रात रोज वापरली जाते. या चाळणीतून जे पार पडते ते मात्र बहुधा खरे असते. ई. कोलाय या जिवाणूच्या सुमारे ४६ लाख अक्षरांत 'जीसीटीजीजीटीजीजी' हा आठ अक्षरी तुकडा, दोन्ही धागे धरून, योगायोगाने दीडशेच्या आत यायला हवा. तो हजाराच्या आसपास सापडतो. तुटलेला डीएनए दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेसाठी ती खूण असते, म्हणून जिवाणूने ती जागोजागी राखली आहे.

इथपर्यंत एका मजकुराची गोष्ट झाली. दोन मजकुरांची तुलना करताना ब्लेझडेल यांच्या राशीत प्रत्येक तुकड्याची एकीकडची संख्या दुसरीकडच्या संख्येने गुणून सगळ्या गुणाकारांची बेरीज करतात. कल्पना सुटसुटीत आहे, पण दोन्ही मजकुरांत ए आणि टी मुबलक असतील तर नाते नसतानाही बेरीज फुगते. २००२ मध्ये लिपर्ट, ह्वांग आणि वॉटरमन यांनी हा दोष गणिताने दाखवला, आणि २००९ मध्ये राइनर्ट, च्यू, सुन व वॉटरमन यांनी प्रत्येक संख्येतून आधी तिची अपेक्षित संख्या वजा करून मगच गुणाकार घ्यावा अशी दुरुस्ती केली. दुसरी वाट भारतीय वाचकाला अभिमान वाटावा अशी आहे. माणसांच्या शरीरमापांची तुलना करताना प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये अंतराची एक व्याख्या दिली. प्रत्येक मापाचा स्वतःचा चढउतार आणि मापांचे आपापसांतले संबंध हिशोबात धरूनच ती अंतर मोजते. डीएनएच्या तुकड्यांना नेमके तेच हवे होते, कारण 'ए-ए'चा चढउतार वेगळा, 'ए-सी'चा वेगळा आणि एक तुकडा दुसऱ्याच्या शेपटाला जोडलेला. १९९७ मध्ये वू, बर्क आणि डेव्हिसन यांनी महालनोबिस अंतर डीएनएतल्या तुकड्यांच्या वारंवारतेला लावून दाखवले.

तरीही वारंवारतेची यादी एक गोष्ट गमावून बसते. तुकडा किती वेळा आला ते ती सांगते. कुठे कुठे आला ते सांगत नाही. या उणिवेवर पुण्यात काम झाले.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या बायोइन्फर्मेटिक्स केंद्रातील पांडुरंग कोलेकर आणि उर्मिला कुलकर्णी-काळे व संख्याशास्त्र विभागातील मोहन काळे यांचा शोधनिबंध २०१२ मध्ये 'मॉलेक्युलर फायलोजेनेटिक्स अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात आला. त्यांनी तुकड्याची वारंवारता मोजण्याऐवजी तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजले. मजकूर वाचत गेलो की एखादा तुकडा दिसतो आणि काही अक्षरांनंतर पुन्हा दिसतो. मधल्या अंतराला त्यांनी 'रिटर्न टाइम' म्हटले. आपण परतीचा काळ म्हणू. संभाव्यताशास्त्रात ही कल्पना जुनी आणि रुळलेली आहे: एखादी यादृच्छिक साखळी एकदा भेट दिलेल्या अवस्थेत परत केव्हा येते, याचा तिथे तपशीलवार अभ्यास झालेला आहे. पुण्याच्या गटाने तिचा उपयोग विषाणूंची नाती लावण्यासाठी केला.

काय मिळवले ते बारा अक्षरांत दाखवता येते. हे तीन मजकूर पाहा.

पहिला: ए ए ए ए सी जी टी सी जी टी सी जी
दुसरा: ए सी जी ए टी सी ए जी टी ए सी जी
तिसरा: ए ए सी जी टी सी जी टी ए ए सी जी

तिन्हींत ए चार वेळा, सी तीन वेळा, जी तीन वेळा आणि टी दोन वेळा. एका अक्षराची वारंवारता मोजणाऱ्याला हे तिन्ही मजकूर एकच वाटतील. आता ए अक्षर किती पावलांनी परत येते ते मोजा. पहिल्यात १, १, १, सरासरी १. दुसऱ्यात ३, ३, ३, सरासरी ३. पहिला आणि दुसरा लगेच वेगळे झाले. तिसऱ्यात परतीचे काळ १, ७, १ येतात. सरासरी पुन्हा ३. सरासरीवरून दुसरा आणि तिसरा वेगळे ओळखता येत नाहीत. पण प्रमाण विचलन दुसऱ्यात शून्य आहे आणि तिसऱ्यात २.८ च्या वर. म्हणूनच या पद्धतीत प्रत्येक तुकड्याचे दोन आकडे ठेवतात: परतीच्या काळाची सरासरी आणि त्याचे प्रमाण विचलन. तीन अक्षरी तुकडे घेतले तर ६४ तुकड्यांचे १२८ आकडे होतात. दहा हजार अक्षरांचा विषाणू १२८ आकड्यांत उतरतो, अशा दोन संचांतले अंतर काढायला क्षणही लागत नाही, आणि सगळ्या नमुन्यांच्या अंतरांचा तक्ता हाती आला की त्यावरून वंशवृक्ष काढण्याच्या पद्धती आधीपासून तयारच आहेत.

मला या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो पद्धतीच्या परीक्षेचा. आपली पद्धत चालते असे सांगणारे पुष्कळ असतात. ती कुठे मोडेल हे मुद्दाम शोधणारे थोडे. या गटाने प्रकार माहीत असलेल्या नमुन्यांतला एकेक नमुना बाजूला काढला आणि उरलेल्यांच्या आधारे त्याचा प्रकार ओळखता येतो का ते पाहिले. कृत्रिम मजकूर तयार करून त्यांवरही पद्धत तपासली. ते तयार करताना एकेक सुटे अक्षर न उचलता सलग अक्षरांचे गट उचलून पुन्हा जोडले. हा तपशील नीट पाहण्यासारखा आहे. अक्षरे सुटी सुटी पिसली असती तर शेजारसंबंध नष्ट झाले असते, आणि ज्या क्रमावर पद्धत उभी आहे तोच परीक्षेतून गायब झाला असता. विषाणू कसा असतो आणि यादृच्छिकता कशी असते, ही दोन्ही भाने एकाच टेबलाशी असल्याशिवाय असा निर्णय सुचत नाही.

ही पद्धत त्यांनी फ्लॅव्हिव्हिरिडी या विषाणुकुळावर आणि डेंग्यूच्या प्रकारांवर वापरली. निवड पुण्याला साजेशी होती. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल, झिका ही सगळी याच कुळातली मंडळी, आणि क्यासनूर जंगलाच्या तापाचा विषाणूही याच कुळातला. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसेही तापाने आजारी पडू लागली, तेव्हा या विषाणूची ओळख पटवली ती पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी. १९५२ मध्ये सुरू झालेले हे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखले जाते. कोकणात ज्याला माकडताप म्हणतात तो हाच. सिंधुदुर्गात २०१६ च्या सुमारास त्याने चांगलेच डोके वर काढले. परतीच्या काळाची पद्धत नंतर विद्यापीठाच्याच गटाने वेस्ट नाइल विषाणूच्या प्रकारांसाठी २०१४ मध्ये आणि सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरससाठी २०१६ मध्ये साधनांच्या रूपात उपलब्ध करून दिली. ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, हे लक्षात घेतले की अशा साधनाची गरज कळते.

पुण्यात हे घडण्यामागे दोन जुने प्रवाह आहेत. केंब्रिजमध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे संशोधन करून आलेले कोल्हापूरचे वसंत शंकर हुजुरबाजार यांनी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात गणित व संख्याशास्त्र विभाग उभा केला आणि दोन दशकांहून जास्त काळ तो चालवला. दुसरा प्रवाह १९८७ चा. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावर विद्यापीठाच्या आवारात बायोइन्फर्मेटिक्स केंद्र सुरू झाले. तिथल्या अशोक कोळस्कर यांनी प्रसाद टोणगावकर यांच्यासह १९९० मध्ये प्रथिनांवरील प्रतिजनी जागा ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रयोगांनी सिद्ध झालेल्या जागांमध्ये कोणते अमिनो आम्ल किती वेळा येते, ही वारंवारता त्या पद्धतीचा एक आधार होती, आणि लस संशोधनात तिचा वापर जगभर आजही होतो. वारंवारतेवरून जीवशास्त्राचा अर्थ लावण्याची सवय या आवारात अशी आधीपासून आहे. २०१२ च्या निबंधात हे दोन्ही प्रवाह मिळाले.

तुकड्यांच्या वारंवारतेची दुसरी मोठी गरज मातीच्या आणि पाण्याच्या नमुन्यांत पडते. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून कारण सांगितले: खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव. अशा नमुन्यातला सगळा डीएनए एकत्र वाचला तर हाती येतात शेकडो जीवजातींच्या लाखो तुकड्यांचे ढीग, आणि कोणता तुकडा कोणाचा याची चिठ्ठी कशालाच नसते. तिथे चार अक्षरी तुकड्यांची वारंवारता उपयोगी पडते. डीएनएचे दोन धागे एकमेकांना पूरक असल्याने २५६ ऐवजी १३६ वेगळे आकडे पुरतात, आणि ज्यांचे आकडे जवळ ते तुकडे एका जातीचे असे वर्गीकरण करता येते. शर्मिला मांडे यांच्या नेतृत्वाखालील टीसीएसच्या संशोधन गटाने २०११ मध्ये अशी साधने प्रसिद्ध केली. हा गट पुढे पुण्यात हडपसरला काम करू लागला.

या पद्धतींना मर्यादा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. तुकडा किती अक्षरांचा घ्यावा हा प्रश्न कायमचा. दहा अक्षरी तुकडे १० लाख ४८ हजार ५७६ होतात; डेंग्यूच्या १०,७०० अक्षरांत त्यांतले ९९ टक्के दिसणारच नाहीत आणि जे दिसतील ते बहुतेक एकदाच. एकदाच आलेल्या तुकड्याला परतीचा काळ नसतो. फार छोटे तुकडे घेतले तर सगळेच विषाणू सारखे दिसतात. शिवाय अंतराचा आकडा मोठा आला म्हणजे नेमके कुठले अक्षर बदलले ते कळत नाही. एका विशिष्ट बदलामुळे विषाणू लसीला चुकवतो का, हा प्रश्न असेल तर अक्षराला अक्षर जुळवण्याची जुनी पद्धतच लागते. माझे मत असे की मोजणीने आधी घराणे ओळखावे आणि जुळणीने मग त्या घरातला माणूस ओळखावा. एकीला दुसरीची जागा देऊ नये.

महाविद्यालयात शिकणाऱ्या आणि संगणकाशी थोडीफार ओळख असलेल्या वाचकाला हे स्वतः करून पाहता येईल, आणि त्याने ते करावेच. जेनबँक या खुल्या माहितीसंचात डेंग्यूच्या चारही प्रकारांचे प्रमाण मजकूर फुकट मिळतात: पहिला एनसी_००१४७७ या क्रमांकाने, १०,७३५ अक्षरांचा, दुसरा एनसी_००१४७४, १०,७२३ अक्षरांचा, तिसरा एनसी_००१४७५, १०,७०७ अक्षरांचा, चौथा एनसी_००२६४०, १०,६४९ अक्षरांचा. चारही उतरवून घ्या. प्रत्येकात आधी ए, सी, जी, टी किती ते काढा आणि त्यावरून 'सी-जी' व 'जी-सी' या जोड्यांची अपेक्षित संख्या कागदावर लिहा. मग प्रत्यक्ष मोजा. 'सी-जी' अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघेल. त्यानंतर तीन अक्षरी तुकड्यांचे परतीचे काळ काढा, १२८ आकड्यांचे चार संच करा आणि त्यांतली सहा अंतरे मांडा. जीवशास्त्र शिकत असाल तर या कामासाठी संख्याशास्त्राच्या वर्गातला एखादा मित्र सोबत घ्या, आणि संख्याशास्त्र शिकत असाल तर जीवशास्त्राच्या वर्गातला.